समशीतोष्ण वनांचा कार्बन-हिशेब: पीटरशॅमच्या अरण्यातील नोंदी

बॉस्टनहून पश्चिमेला सुमारे ७० मैलांवर पीटरशॅम नावाचे एक छोटे गाव आहे. ऑक्टोबरात पानांचे रंग पाहण्यासाठी सहकुटुंब बाहेर पडणाऱ्या न्यू इंग्लंडमधील मराठी मंडळींना हा परिसर अपरिचित नसावा. गावालगतच्या अरण्यात काय चालते, याची वार्ता मात्र फारशी कुणाला नसते. हार्वर्ड विद्यापीठाने १९०७ साली येथे संशोधनासाठी एक वन राखून ठेवले. ‘हार्वर्ड फॉरेस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वनाचा विस्तार आज सुमारे १६०० हेक्टर आहे. तांबडा ओक, मेपल, बर्च आणि हेमलॉक यांच्या दाटीतून वर निघालेला सुमारे ३० मीटर उंचीचा एक मनोरा तेथे उभा आहे. त्यावरील उपकरणे १९९० च्या सुमारास सुरू झाली आणि १९९१ पासून जवळजवळ अखंडपणे हे अरण्य हवेतून किती कार्बन घेते व किती परत सोडते, याची नोंद करत आली आहेत. अशा प्रकारच्या नोंदींमध्ये जगातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी ही एक होय. समशीतोष्ण वने वातावरणातील कार्बन कसा शोषतात आणि कुठे साठवतात, या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण.

समशीतोष्ण वने म्हणजे उष्ण कटिबंधातील सदाहरित अरण्ये आणि उत्तरेकडील सूचिपर्णी तैगा यांच्या मधल्या पट्ट्यातील वने. पूर्व अमेरिका, पश्चिम व मध्य युरोप, चीन, जपान आणि कोरिया हा त्यांचा मुख्य प्रदेश. अमेरिकेचा वायव्य किनारा, चिली, न्यूझीलंड आणि आग्नेय ऑस्ट्रेलिया येथेही ती आहेत. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक गणनेनुसार या वनांचे क्षेत्र सुमारे ७७ कोटी हेक्टर असून त्यांत सुमारे ११९ अब्ज टन कार्बन साठलेला आहे. जगातील सर्व वनांच्या एकूण साठ्याच्या (८६१ अब्ज टन) मानाने हा वाटा जेमतेम १४ टक्के. परंतु शिल्लक आणि वार्षिक उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. शिलकीत मागे असलेली ही वने दरवर्षी सुमारे ०.७ ते ०.८ अब्ज टन नवा कार्बन जमा करत होती, म्हणजे आपल्या आकाराच्या मानाने बरेच अधिक. असे का, याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे. त्याकडे पुढे वळू.

पानापासून लाकडापर्यंत

झाडाच्या शरीरातील कार्बन जमिनीतून येत नाही, तो हवेतून येतो. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने त्याची पाण्याशी सांगड घातली जाऊन साखर तयार होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. शाळेत घोकलेले प्रकाशसंश्लेषण ते हेच. शाळेत सहसा न सांगितली जाणारी बाब अशी की, हा व्यवहार झाडाला महाग पडतो. रंध्र उघडले की कार्बन आत येतो, पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. कोरड्या उन्हाळ्यात झाड रंध्रे मिटून घेते ते यासाठीच, आणि मग कार्बनची आवकही मंदावते.

तयार झालेल्या साखरेपैकी मोठा भाग झाड स्वतःच्या श्वसनात लगेच खर्च करते. उरलेल्या भागातून पाने, मुळे, फळे आणि लाकूड घडते. काही साखर मुळांवाटे बुरशीच्या धाग्यांना दिली जाते. ओकसारख्या वृक्षांच्या मुळांभोवती या बुरशीचे वेष्टणच असते आणि साखरेच्या मोबदल्यात ती झाडाला नत्र व स्फुरद पुरवते. दीर्घ मुदतीची ठेव म्हणायची ती लाकडाची. सेल्युलोज आणि लिग्निन यांनी बनलेल्या वाळल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन कार्बनचे असते.

याखेरीज झाडाजवळ हाताशी ठेवलेली गंगाजळीही असते. वृक्षांच्या खोडात साठवलेल्या साखरेचे व पिष्टाचे वय मोजण्यासाठी संशोधकांनी शीतयुद्धकालीन अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा उपयोग केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साखरेचे सरासरी वय दहा वर्षांच्या आसपास निघाले. म्हणजे आज उभ्या असलेल्या मेपलच्या खोडात दशकभरापूर्वीच्या उन्हाळ्यातील कमाई शिल्लक असते. वादळाने वा किडीने पाने गेली तरी पुन्हा पालवण्याचे बळ या साठ्यातून येते.

पानगळीचे वेळापत्रक या हिशेबात कळीचे ठरते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील साग पाण्याच्या टंचाईपायी पाने गाळतो. न्यू इंग्लंडचा मेपल थंडी आणि घटता प्रकाश यांमुळे. पीटरशॅमला मे महिन्यात पालवी फुटते आणि ऑक्टोबरात ती झडते. या पाच-सहा महिन्यांत अरण्य कार्बन कमावते. उरलेल्या काळात पानगळी वृक्षांची आवक बंद असते, मात्र मातीतील जीवजंतूंचे श्वसन बर्फाच्या थराखालीही थांबत नाही, म्हणून हिवाळ्यात अरण्य कार्बन सोडत राहते. उत्तर गोलार्धातील वनस्पतींच्या या सामूहिक श्वासोच्छ्वासाची खूण हवाई बेटांवरील मौना लोआ येथे दिसते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या तेथील मोजणीत कार्बन डायऑक्साइडची पातळी दरवर्षी मे महिन्यात कळस गाठते आणि सप्टेंबरअखेरीस तळाला येते. इंधनाच्या धुराने ती रेषा वर्षानुवर्षे चढत गेली आहे. तिच्यावरील करवतीसारखे दाते मुख्यतः उत्तरेकडील वनांनी व इतर वनस्पतींनी कोरलेले आहेत.

मनोऱ्यावरील मोजणी

एका झाडाचे वजन काढता येते. एका अरण्याचा श्वास कसा मोजायचा? त्यासाठी वाऱ्यातील भोवऱ्यांचा आधार घेतला जातो. झाडांच्या शेंड्यांवरून वाहणारी हवा सतत गिरक्या घेत वर-खाली होत असते. ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र तिचा उभ्या दिशेतील वेग सेकंदाला अनेक वेळा टिपते आणि त्याच क्षणी दुसरे यंत्र त्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजते. खाली जाणाऱ्या हवेत कार्बन अधिक आणि वर येणाऱ्या हवेत कमी आढळला, तर फरक अरण्याने ठेवून घेतला असे समजायचे. पद्धत निर्दोष नाही. वारा पडलेल्या रात्री श्वसनातून निघालेला वायू जमिनीलगत साचून उताराने निघून जातो आणि मनोऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. अशा रात्रींच्या नोंदी वगळून अंदाज बांधावे लागतात; म्हणूनच बुंध्यांचा घेर मोजून काढलेल्या वाढीशी मनोऱ्याचे आकडे ताडून पाहिले जातात.

स्टीव्हन वोफ्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने काढलेला वर्षाचा पहिला ताळेबंद १९९३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा आकडा अपेक्षेहून मोठा निघाला. पुढील मोजणीत तो काहीसा खाली आला. १९९२ ते २००४ या काळातील सरासरी दर हेक्टरी वर्षाला सुमारे २.५ टन कार्बन अशी आहे. काही वर्षी शोषण एक टनाच्या आसपासच राहिले, तर काही वर्षी ते चार टनांच्या पुढे गेले. यातील खरी मेख अशी की, प्रकाशसंश्लेषणातून अरण्य वर्षाला हेक्टरी बारा-चौदा टनांच्या आसपास कार्बन ओढते आणि त्यातील फार मोठा भाग श्वसन व कुजण्यातून परत देते. अडीच टन ही दोन मोठ्या रकमांमधील छोटी बाकी आहे. आवकीत थोडी घट किंवा खर्चात थोडी वाढ झाली, तरी ही बाकी झपाट्याने आटू शकते.

परदेशस्थ वाचकाला या आकड्याचे वजन कळावे म्हणून एक साधा हिशेब. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे पीटरशॅमचे एक हेक्टर अरण्य वर्षाला साधारण नऊ टन कार्बन डायऑक्साइड उचलते. बॉस्टनहून मुंबईला जाऊन परत येण्यात विमानाच्या इंधनातून एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळमानाने दोन ते तीन टन कार्बन डायऑक्साइड येतो. चौघांच्या कुटुंबाची दिवाळीची एक खेप भरून काढायला जवळजवळ अडीच एकर अरण्याला वर्षभर राबावे लागते. त्या अडीच एकरांकडे त्याच वर्षी दुसरे कोणतेही काम देता येत नाही, हे हिशेब मांडताना सहसा विसरले जाते.

जुन्या कर्जाची वसुली

न्यू इंग्लंडच्या रानात फिरताना मध्येच दगडी बांध आडवे येतात. दाट झाडीत कुणी कुंपण घातले असेल, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर असे की, बांध घातले तेव्हा तेथे झाडी नव्हती. युरोपीय वसाहतकारांनी शेती आणि कुरणांसाठी जंगल तोडत नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य मॅसॅच्युसेट्समधील ६० ते ८० टक्के जमीन उघडी पडली होती. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, पुढे लोहमार्ग आले आणि पश्चिमेकडील सुपीक जमिनींतले धान्य स्वस्तात पूर्वेला येऊ लागले. खडकाळ शेतांवर राबणाऱ्यांनी गिरण्यांची किंवा पश्चिमेची वाट धरली. सोडून दिलेल्या शेतांवर पांढरा पाइन उगवला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो कापून त्याची खोकी बनली, आणि त्याच्या सावलीत वाढलेले ओक व मेपल वर आले. २१ सप्टेंबर १९३८ रोजी आलेल्या प्रचंड चक्रीवादळाने उरलेल्या पाइनपैकी बहुतेक आडवे केले. हार्वर्ड फॉरेस्टमधील फिशर संग्रहालयात हा सारा बदल छोट्या त्रिमिती देखाव्यांत दाखवला आहे आणि तो मुद्दाम वाट वाकडी करून पाहण्याजोगा आहे.

आजचे अरण्य भरघोस कार्बन का घेते, याचे मोठे उत्तर येथे मिळते. ते अजून भरपाई करत आहे. दोन शतकांपूर्वी तोडीत आणि नांगरटीत जो कार्बन हवेत गेला, त्यातील काही अंश आता परत येत आहे. पूर्व अमेरिका आणि युरोप यांतील बऱ्याच वनांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे. मातीचा छेद घेतला तर पीटरशॅममध्ये जुन्या नांगराचा थर आजही ओळखता येतो. अशा वनांना हवामान-बदलावरील नवा उपाय म्हणून मिरवणे काहीसे अप्रामाणिक ठरते, कारण जमा होणारी रक्कम मुळात त्याच खात्यातून काढलेली होती.

ही वसुली कधी संपेल? पूर्वी असे मानले जात असे की, अरण्य वयात आले की आवक-जावक समसमान होते. २००८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने शतकानुशतके जुनी वनेही कार्बन साठवत राहतात असे दाखवले, त्यातील आकडे फुगलेले आहेत अशी टीका पुढे झाली आणि तो वाद मिटलेला नाही. मात्र साठ्याबद्दल वाद नाही. आग्नेय ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात ‘माउंटन अ‍ॅश’ या निलगिरीच्या जुन्या अरण्यात जमिनीवरील जिवंत आणि मृत वृक्षांमध्ये मिळून हेक्टरी सरासरी १८६७ टन कार्बन मोजला गेला आहे. जगातील समशीतोष्ण वनांची सरासरी मातीसकट दीडशे टनांच्या आसपास आहे. तेव्हा जुने अरण्य तोडून जागी वेगाने वाढणारी रोपे लावणे म्हणजे वार्षिक व्याज चांगले मिळते म्हणून मुद्दलच उधळणे होय.

मातीतील ठेव

जगभरच्या वनांमधील कार्बनपैकी सुमारे ४४ टक्के मातीत आहे, जिवंत वृक्षांतील साठ्याहून किंचित अधिकच. पडलेली पाने आणि मेलेली बारीक मुळे बुरशी, जिवाणू व कीटक कुजवतात. काही कार्बन लगेच हवेत जातो, तर काही खनिजकणांना चिकटून दशके किंवा शतके टिकतो. थंड हवामानात कुजण्याचा वेग मंद असल्याने ही ठेव साचत जाते. हवा तापू लागली तर?

हा प्रश्न जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून हार्वर्ड फॉरेस्टमध्ये लावून धरला. जमिनीत दहा सेंटिमीटर खोलीवर विजेच्या तारा पुरून त्यांनी काही वाफे सभोवतालच्या मातीपेक्षा कायम ५ अंश सेल्सिअस अधिक उष्ण ठेवले. सव्वीस वर्षांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तापवलेल्या मातीने वरच्या ६० सेंटिमीटरमधील सुमारे १७ टक्के कार्बन गमावला होता. ऱ्हास सलग झाला नाही: काही वर्षे जोरात गळती, मग काही वर्षे शांतता, पुन्हा गळती. सोपा कार्बन संपल्यावर सूक्ष्मजीवांची घडण बदलली आणि त्यांनी अधिक चिवट पदार्थांना हात घातला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. शांततेच्या काळात प्रयोग आटोपला असता तर निष्कर्ष उलटा निघाला असता. दीर्घ मोजणीचे मोल यावरून कळावे.

मातीचे वर्तन नेहमीच अपेक्षेप्रमाणे नसते. याच वनात १९८८ पासून चालू असलेल्या दुसऱ्या प्रयोगात नत्र घातलेल्या रुंदपर्णी वाफ्यांत कुजणे मंदावले आणि मातीतील कार्बन वाढला. शेजारच्या पाइनच्या वाफ्यात मात्र नत्राच्या माऱ्याने झाडे मरू लागली.

वारा, किडे, दुष्काळ

साठा हळूहळू भरतो आणि एका दुपारी रिता होऊ शकतो. तरीही पडलेले झाड म्हणजे गेलेला कार्बन, असे समजणे घाईचे आहे. १९९० मध्ये हार्वर्ड फॉरेस्टच्या संशोधकांनी १९३८ च्या वादळाची नक्कल म्हणून एका तुकड्यावरील वृक्ष यंत्राने ओढून पाडले आणि ते तसेच राहू दिले. कित्येक आडवी झाडे पुढची काही वर्षे पालवत राहिली, नवे धुमारे फुटले, मातीतील व्यवहार फारसे बदलले नाहीत. १९३८ नंतर मात्र सरकारी योजनेतून पडझडीचे लाकूड मोठ्या प्रमाणावर उचलले गेले होते आणि त्या साफसफाईने वादळापेक्षाही अधिक उलथापालथ केली, असे तेथील अभ्यासकांचे मत आहे.

किड्यांचे संकट अधिक सावकाश येते. पूर्व आशियातून आलेला, कापसासारखे पुंजके करणारा एक सूक्ष्म रसशोषक कीटक पूर्व अमेरिकेतील हेमलॉक संपवत उत्तरेकडे सरकला आहे. पीटरशॅमचे हेमलॉकही त्यातून सुटलेले नाहीत आणि त्यांच्या जागी काळा बर्च उगवतो आहे. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात सौम्य हिवाळ्यांमुळे माजलेल्या पाइन-भुंग्याने एवढी झाडे मारली की, २००८ च्या एका अभ्यासानुसार तो प्रदेश कार्बन शोषणारा न राहता सोडणारा बनला. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यातील उष्णता आणि दुष्काळ यांनी वनस्पतींचे कार्बनग्रहण सुमारे ३० टक्क्यांनी घटवले. चार वर्षांची जमा त्या एका हंगामात गेली.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? वसंत लवकर येतो आणि शरद लांबतो, त्यामुळे कमाईचे दिवस वाढले आहेत. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड काही प्रमाणात खतासारखा कामी येतो. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथे बर्मिंगहॅम विद्यापीठ सुमारे १८० वर्षे वयाच्या ओकवृक्षांवर २०१७ पासून वाढीव वायू सोडत आहे. सात वर्षांत तेथील लाकडाची निर्मिती सरासरी ९.८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. टेनेसी राज्यातील ओक रिज येथे मात्र स्वीटगम वृक्षांच्या तरुण लागवडीत सुरुवातीला दिसलेली २४ टक्के वाढ २००८ पर्यंत ९ टक्क्यांवर उतरली, कारण जमिनीतील नत्र पुरेना. खत एकाच अन्नद्रव्याचे असेल तर पीक दुसऱ्याच्या तुटवड्याने अडते, हे विदर्भातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते.

एकूण चित्र २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या गणनेत दिसते. १९९० च्या दशकात जगातील वने वर्षाला ३.६ अब्ज टन कार्बन घेत होती, २०१० च्या दशकात ३.५ अब्ज टन. म्हणजे बेरीज जवळपास तीच. परंतु आतली वाटणी बदलली. तैगाचे शोषण ३६ टक्क्यांनी आणि उष्ण कटिबंधातील अस्पर्श अरण्यांचे ३१ टक्क्यांनी घटले, तर समशीतोष्ण वनांचे सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. इतरांची तूट काही अंशी याच वनांनी भरून काढली, आणि हीच वने आता वयस्क होत आहेत.

त्यामुळे वनांच्या आधारे विकल्या जाणाऱ्या कार्बन-भरपाईच्या प्रमाणपत्रांकडे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते. कॅलिफोर्नियाच्या सक्तीच्या योजनेत अमेरिकेतील इतर राज्यांमधील वनेही सहभागी होऊ शकतात. साठवलेला कार्बन शंभर वर्षे टिकावा अशी तेथे अट असून नुकसानीची तरतूद म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या वाट्यातील काही भाग राखून ठेवला जातो. २०२१ मध्ये ऑरेगॉनच्या बूटलेग वणव्यात असे एक प्रकल्पक्षेत्र जळाले. २०२२ च्या एका विश्लेषणानुसार, वणव्यांसाठी शंभर वर्षे पुरावा म्हणून ठेवलेला राखीव वाटा योजनेच्या पहिल्या दशकातच जवळजवळ संपला होता. न्यू इंग्लंडमध्ये वणव्यांची भीती तुलनेने कमी. तेथे वादळांचा हिशेब धरावा लागतो. त्या प्रदेशाला झोडपून काढणारी मोठी चक्रीवादळे १६३५, १८१५ आणि १९३८ या वर्षी आली होती.